एअर पिस्तूल घरच्या घरी हाताला कसं बसवावं: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नव्या नेमबाजांसाठी

बेळगावातल्या नवख्या नेमबाजाची एक वेगळीच अडचण असते. त्याला प्रत्येक काम करून देणारा माणूस ओळखीचा असतो. उद्यमबागेत मामा लेथवर, मच्छ्याच्या कारखान्यात वर्गमित्र सीएनसीवर, फौंड्रीत शेजारचे काका. "ट्रिगर जड लागतंय? आण की, पॉलिश मारून देतो." विचारायचा अवकाश, काम तयार. गावात कारागिरी आहे, यात वाद नाही. पण मॅच पिस्तुलात घरी करण्याजोगं जे काम आहे ते लेथवरचं नाही. ते कानस, पॉलिशपेपर, पुट्टी आणि दोन ॲलन की यांचं आहे. गुण वाढतात ते ग्रिप (मूठ) आणि साइट (नेम धरायची मागची खाच आणि पुढचं पातं) तुमच्या हाताडोळ्याला जुळल्यामुळे. आतल्या लोखंडाला हात लावून कुणाचे गुण वाढल्याचं मी पाहिलेलं नाही, पिस्तूल महिनाभर दुरुस्तीला गेल्याचं मात्र पाहिलंय.

आधी हे कोणत्या पिस्तुलाबद्दल आहे ते

पुढचं सगळं १० मीटर एअर पिस्तुलासाठी आहे, म्हणजे ४.५ मिमीचा शिशाचा पेलेट, दाबलेली हवा आणि एका हाताने नेम. नवख्याने सुरुवात इथूनच करावी. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत शक्ती असलेल्या एअर हत्याराला लायसन लागत नाही. मॅच पिस्तूल या मर्यादेच्या खूप खाली असतं. पेलेट साधारण अर्धा ग्रॅमचा आणि वेग सेकंदाला १५० मीटरच्या आसपास, म्हणजे पाच-सहा जूल. वेग वाढवून देतो म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजा आणि पिस्तूल पिशवीतच ठेवा. कागदाला भोक पाडायला पाच जूल पुरतात, आणि वाढवत गेलात तर एका टप्प्यावर बिनलायसनी हत्यार बाळगल्याचा गुन्हा होतो.

.२२ रिमफायर स्पोर्ट पिस्तूल हा पुढचा टप्पा. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ साली जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते २५ मीटरवर याच जातीच्या पिस्तुलाने. त्यामुळे आपल्या भागातल्या पोरापोरींची नजर तिकडे असते, आणि ते साहजिकही आहे. पण ते अग्निशस्त्र आहे. त्याला लायसन लागतं आणि दुरुस्ती किंवा बदल करणाऱ्यालासुद्धा वेगळा परवाना लागतो. आर्म्स ॲक्ट १९५९ चं पाचवं कलम ते सांगतं, आणि बॅरल कापून आखूड करण्यावर सहावं कलम आहे. तांत्रिक कारणही आहे. रिमफायर काडतुसाचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, मधोमध नाही. फायरिंग पिन त्या कडेवर मारते. आत काडतूस नसताना ट्रिगर ओढला तर कित्येक पिस्तुलांत पिन थेट चेंबरच्या काठावर आपटते आणि तिथे खड्डा पडू शकतो. तेव्हा .२२ चं अंतरंग परवानाधारक गनस्मिथकडे. त्याची ग्रिप बसवण्याचं तंत्र मात्र खाली सांगितलंय तेच आहे, आणि ते एअर पिस्तुलावर शिकलेलं फुकट जात नाही.

कामाला बसण्याआधी

पिस्तूल भिंतीकडे तोंड करून धरा. लोडिंग लिव्हर उघडा, पेलेट नाही हे डोळ्यांनी बघा, दाबलेल्या हवेचं सिलिंडर फिरवून काढा आणि दुसऱ्या खोलीत ठेवा. ग्रिपचं काम असेल तर ग्रिप पिस्तुलापासून सोडवूनच करायचं. बहुतेक मॉडेलांत ती खालून एका स्क्रूने धरलेली असते. पिस्तुलाला जोडलेल्या ग्रिपवर पॉलिशपेपर घासला तर लाकडाचा भुसा ट्रिगरच्या यंत्रणेत जातो आणि आठवडाभराने "ट्रिगर मधेच अडकतंय" अशी तक्रार सुरू होते.

एक वही करा. ग्रिपच्या प्रत्येक स्क्रूची आत्ताची स्थिती पेन्सिलीने ग्रिपवरच रेघ मारून आणि वहीत लिहून ठेवा, मोबाइलवर फोटोही काढा. एका वेळी एकच बदल. तीन गोष्टी एकदम बदलून ग्रुप (टार्गेटवर शॉटचा पडलेला झुबका) सुधारला तर कशाने सुधारला हे कळत नाही, आणि बिघडला तर मागे कुठे जायचं हेही नाही.

ग्रिप: इथे वेळ घालवा

कंपनीची ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशा मापात येते, डाव्या आणि उजव्या हाताची वेगळी. ती सरासरी हातासाठी असते आणि सरासरी हात कुणाचाच नसतो. पहिली खात्री मापाची. ग्रिप धरल्यावर ट्रिगरवर पहिल्या पेराचा मधला मांसल भाग सहज यायला हवा. त्यासाठी बोट ताणावं लागत असेल किंवा पेराची घडी ट्रिगरवर येत असेल, तर आधी ट्रिगरचं पातं मागे-पुढे सरकवून बघा. बहुतेक मॅच पिस्तुलांत ही सोय असते. तरीही जुळत नसेल तर माप चुकलंय. पुट्टीने मोठी ग्रिप लहान होत नाही. क्लबात विचारा, अदलाबदल करणारा कुणीतरी सापडतो.

माप बरोबर असेल तर डोळे मिटून चाचणी करा. नेम धरायच्या पवित्र्यात उभे राहा, पिस्तूल समोरच्या कोऱ्या भिंतीवर उचला, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, खांदा आणि मनगट सैल सोडा, मग डोळे उघडा. आता भिंतीकडे नाही, साइटकडे बघायचं. मागच्या खाचेत पुढचं पातं मधोमध आणि वरच्या कडेला समतल आहे काय? दरवेळी त्याच बाजूला सरकलेलं दिसत असेल तर ग्रिप हाताशी भांडते आहे. इथे नवखे हमखास पाय फिरवतात. पाय फिरवल्याने पिस्तूल टार्गेटच्या कोणत्या भागावर येतं तेवढं बदलतं. पुढची साइट आणि मागची साइट यांची आपसातली जुळणी मनगट आणि ग्रिप ठरवतात.

नव्या ग्रिपांना कोन आणि फिरण बदलण्याचे स्क्रू असतात. आधी ते वापरा, पाव-पाव फेऱ्याने. स्क्रू नसतील किंवा पुरत नसतील तर लगेच पुट्टी कालवू नका. वहीच्या पुठ्ठ्याचे छोटे तुकडे कापा आणि इन्सुलेशन टेपने ग्रिपवर चिकटवून बघा. पुढचं पातं खाचेत खाली बुडत असेल तर ग्रिपच्या मागच्या बाजूला खालच्या अंगाला, तळहाताची टाच टेकते तिथे, एक तुकडा लावा. ग्रिपचं बूड पुढे ढकललं जातं आणि नळी वर येते. पातं वर डोकावत असेल तर तुकडा वरच्या अंगाला, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात. डावी-उजवी बाजू हातागणिक थोडी वेगळी वागते, म्हणून तिथे तुकडा सरकवत शोधायचं. दोन-तीन दिवस असं टेप लावलेल्या ग्रिपने सराव करा. दिसायला भिकार दिसते, पण चुकीच्या जागी कडक झालेली पुट्टी कानशीने उतरवण्यापेक्षा बरी.

जागा पक्की झाली की दाबाचा नकाशा काढा. हाताला पाटीवरचा खडू कुटून पातळ थर लावा, ग्रिप नेहमीसारखी धरा, हात सोडवा. जिथे खडू दाट उमटला तिथे दाब जास्त, जिथे लाकूड कोरं राहिलं तिथे पोकळी. ग्रिप गडद रंगाची असेल तर हे छान दिसतं. फिक्या लाकडावर कोळशाची पूड वापरा. आई स्वयंपाकघरातून ओरडेल, त्याला इलाज नाही.

दाट जागा आधी उतरवा. अर्धगोल कानस, मग ८० नंबरचा पॉलिशपेपर, मग १२०, शेवटी २४०. एका बैठकीत पोस्टकार्डाच्या जाडीहून जास्त उतरवायचं नाही. ट्रिगरचं बोट जिथून बाहेर निघतं तिथे खास लक्ष द्या. बोट लाकडाला कुठेही घासता कामा नये. घासलं की ट्रिगर ओढताना बोट सगळ्या ग्रिपला बाजूला ढकलतं आणि शॉट बाजूला जातो. उजव्या हाताच्या माणसाचे शॉट सतत डावीकडे जात असतील तर साइट फिरवण्याआधी ही जागा तपासा. एक जाड कागद बोट आणि लाकूड यांच्यामधून सहज सरकला पाहिजे.

मधलं बोट ट्रिगर गार्डच्या खाली घट्ट वर बसलं पाहिजे, कारण पिस्तुलाचं वजन त्याच बोटावर येतं. दाब मधल्या आणि अनामिका बोटाने सरळ मागे, तळहातात. करंगळी नुसती टेकलेली. अंगठा तर रिकामटेकडा पाहुणा, त्याने काहीही दाबायचं नाही.

आता पोकळी भरायची. दोन भागांची इपॉक्सी पुट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. नळाची गळती बंद करायला वापरतात तीच, एम-सील किंवा तत्सम. लाकडाची पुट्टीही चालते, पण ती ठिसूळ असते आणि घामाने लवकर सुटते. जिथे भरायचं तिथे लाकूड खरखरीत करा, म्हणजे पुट्टी धरते. हातात पातळ रबरी मोजा घाला, वर किंचित टाल्कम पावडर. दोन्ही भाग एकसारखा रंग येईपर्यंत मळा, जागेवर थापा, ग्रिप पिस्तुलाला जोडा आणि रिकाम्या पिस्तुलाने, सिलिंडरशिवाय, नेम धरल्यासारखा हात उचला. बसून, टेबलावर हात ठेवून ठसा घेतला तर तो बसलेल्या हाताचा असतो. उभ्या हाताचे स्नायू वेगळे ताणलेले असतात. चार-सहा वेळा उचला, प्रत्येक वेळी किंचित सोडा, पुन्हा धरा. मग हात अलगद काढा आणि रात्रभर हात लावू नका. सकाळी पुट्टीच्या धारदार कडा पॉलिशपेपरने मारा. हे घासताना तोंडाला मास्क हवा. इपॉक्सीची धूळ छातीत जाणं चांगलं नाही.

तळहाताखालची पट्टी, जिला आपण पाम रेस्ट म्हणतो, ती शेवटी. बरेच जण ती करकचून वर आणतात, कारण हात जखडल्यासारखा वाटतो आणि सुरुवातीला तसं बरं वाटतं. पण साठ शॉटच्या स्पर्धेत सव्वा तास हात कामाला असतो, तो थोडा सुजतो. पट्टी नुसती टेकेल इतकीच वर घ्या. एप्रिल-मेमध्ये अर्धा फेरा सैल, पावसाळ्यात पुन्हा बघा.

आंतरराष्ट्रीय नियम इथे आड येतात, ते पुट्टी लावण्याआधी माहीत असलेले बरे. ग्रिपचा कुठलाही भाग मनगटाला आधार देऊ शकत नाही. मनगट मोकळं दिसलं पाहिजे. पाम रेस्टची बाहेरची कड वर वळलेली चालत नाही, अंगठ्याच्या आधाराचीही नाही. अंगठा वरच्या दिशेने मोकळा उचलता आला पाहिजे. आणि ग्रिपसह अख्खं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत मावलं पाहिजे. यातली ५० मिमी रुंदी पुट्टीवाल्यांना नडते. घरी पुठ्ठ्याची तशी पेटी करून ठेवा, दहा मिनिटांचं काम आहे.

लाकूड अक्रोडाचं असेल तर उतरवलेल्या जागी अळशीच्या तेलाचा हलका हात द्या. वार्निश नको, घामाने घसरतं.

साइट

पुढच्या पात्याची रुंदी आणि मागच्या खाचेची रुंदी, या दोन गोष्टी बऱ्याच पिस्तुलांत बदलता येतात. हात लांब करून नेम धरल्यावर पात्याच्या दोन्ही बाजूंना उजेडाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे, प्रत्येक बाजूला पात्याच्या रुंदीच्या निम्म्याच्या आसपास. पट्ट्या फार बारीक केल्या तर डोळा त्या समान करण्यात थकतो. नवख्याला मी रुंद खाचच सुचवतो. हात हलणारच आहे, तो हलताना दिसू दे.

नेम काळ्या गोळ्याच्या मधोमध धरायचा नाही. काळ्या पात्यावर काळा गोळा, काहीच कळत नाही. गोळ्याच्या खाली पांढऱ्या जागेत धरा आणि साइट अशी लावा की शॉट वर दहात जातील. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं आहे, काळा गोळा ५९.५ मिमीचा. गोळ्याच्या काठाला चिकटून नेम धरण्यापेक्षा थोडी पांढरी फट सोडलेली बरी.

साइटचे क्लिक कुठे किती सरकवतात हे स्वतः मोजा. पाच शॉट, मग दहा क्लिक, पुन्हा पाच शॉट, दोन ग्रुपच्या मध्यांमधलं अंतर मोजून दहाने भागा. हा आकडा पिस्तुलाच्या डब्यात आतून चिकटवा. दिशेबद्दल सावध राहा. मागची साइट ज्या बाजूला जाते त्या बाजूला शॉट जातात, हा नियम सगळीकडे खरा आहे. पण स्क्रूवर कोरलेली अक्षरं फसवतात. काही जर्मन बनावटीच्या साइटवर अक्षराचा अर्थ "शॉट इकडे गेला असेल तर मला फिरव" असा असतो, तर इतर काहींवर "शॉट इकडे न्यायचा असेल तर". इटालियन पिस्तुलावर तर अक्षरंच वेगळी. एकदा फिरवून बघा आणि बाणाचा स्टिकर स्वतः लावा.

पातं चमकत असेल, विशेषतः खिडकीतून तिरपा उजेड येणाऱ्या खोलीत, तर त्याला काळं करा. आपल्याकडे यासाठी देव्हाऱ्यातच सामान आहे, कापूर. पातं सुटं काढा, चिमट्यात धरा, कापराच्या ज्योतीच्या वर फिरवा. मऊ, बिनचमकीची काजळी बसते. मात्र पातं पिस्तुलावर असताना ज्योत जवळ न्यायची नाही, आणि सिलिंडर त्या खोलीत नको. बोट लागलं की काजळी निघते, तेव्हा बसवताना चिमटाच वापरा.

डोळ्याचं थोडक्यात. न नेमणारा डोळा मिटू नका, दुसरा डोळाही ताणला जातो. फाइलच्या दुधी प्लास्टिक कव्हरमधून पट्टी कापून चष्म्यासमोर लावा, ३० मिमीहून रुंद नको, तो नियम आहे. चाळिशीनंतर पुढची साइट धूसर दिसू लागली की पिस्तुलाला दोष देण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि नेमक्या अंतराची भिंग मागा. लांबच्या नंबरात साधारण अर्धा डायॉप्टर जास्त घेतल्यावर पुष्कळांचं काम होतं. त्यांना हाताच्या लांबीचं अंतर फुटपट्टीने मोजून सांगा, "थोडं लांब" असं नाही. पिस्तुलावर मात्र भिंग, दुर्बीण, लेसर काही चालत नाही.

ट्रिगर: फक्त कंपनीचे स्क्रू

एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅमचा ट्रिगर लागतो. (.२२ स्पोर्ट पिस्तुलाला १००० ग्रॅम.) तपासणीत नळी उभी धरतात, ट्रिगरच्या मधोमध ५०० ग्रॅमचं वजन अडकवतात आणि टेबलावरून उचलतात. वजन उचललं गेलं पाहिजे, ट्रिगर सुटता कामा नये. एअर पिस्तुलात हवा भरलेली ठेवून हे करतात, म्हणून घरी सिलिंडरशिवाय मोजलेला आकडा आणि तिथला आकडा जुळेलच असं नाही.

घरचं वजन बनवायला स्टीलची छोटी बरणी, वाळू आणि जाड तारेचा हुक पुरे. किराणा दुकानाचा काटा नको, ओळखीच्या सराफाकडे जाऊन हुकासह ५०० ग्रॅम करून घ्या. ट्रिगर बरोबर ५०० ला ठेवू नका. थोडा वर, ५१० ते ५२० च्या मध्ये. थंडीत, ओलाव्यात आकडा हलतो, आणि स्पर्धेत शॉट संपल्यावरही ट्रिगर मोजतात. तेव्हा नापास झालं तर त्या दिवसाचा खेळ संपला.

मॅन्युअलमध्ये पहिल्या टप्प्याचा, दुसऱ्या टप्प्याचा आणि ट्रिगर स्टॉपचा असे वेगळे स्क्रू दाखवलेले असतात. नवख्याने पहिला टप्पा लांब आणि थोडा जड ठेवावा, दुसरा त्यामानाने हलका. पहिल्या टप्प्यात बोट निवांत 'भिंतीला', म्हणजे ट्रिगर अडल्यासारखा वाटतो त्या जागेला, टेकतं, मग घाईने ट्रिगर ओढला जात नाही.

सिअर (ट्रिगर ओढेपर्यंत यंत्रणा अडवून धरणारा आतला खटका) पॉलिश करणं, स्प्रिंग कापणं, हे उद्यमबागेतलं उत्साही काम इथेच थांबवायचं. सिअरचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर अगदी थोडे टेकलेले असतात आणि वरचा कडक थर फार पातळ असतो. तो घासला गेला की ट्रिगर आज लोण्यासारखा, आणि पुढच्या महिन्यात पिस्तूल टेबलावर जरा जोरात ठेवलं तरी सुटणारं.

सिलिंडर: इथे घरकाम नाही

या सिलिंडरांत बहुधा २०० बार हवा भरतात. म्हणजे सुमारे २९०० पीएसआय, गाडीच्या टायरात ३०-३५ असते. एवढ्यावर समजावं. लेथवर ॲडॉप्टर बनवायचा नाही, टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरला काहीही जोडायचं नाही, ऑक्सिजनचं सिलिंडर तर कधीच नाही. हवेच्या वाटेवर साधं तेल किंवा ग्रीस लावू नका. दाबाखाली ते पेट घेऊ शकतं. सिलिकॉन ग्रीस, आणि तेही मॅन्युअल सांगेल तिथेच. सिलिंडरवर बनावटीची तारीख कोरलेली असते. साधारण दहा वर्षांनी त्याची मुदत संपते आणि स्पर्धेत जुनं सिलिंडर चालत नाही. सेकंडहँड पिस्तूल घेताना सगळ्यात आधी हीच तारीख बघा, किंमत नंतर ठरवा.

हातपंपाने भरत असाल तर आपल्या पावसाळ्याची आठवण ठेवा. खानापूरच्या जंगलपट्टीत जुलैत हवेतच पाणी असतं. पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर हवा आणि त्यातले दाणे ओले झाले की बदलायला हवेत.

दहा मीटर कुठून आणायचे

शहापूर-वडगावातल्या जुन्या लांबट घरांत दहा मीटर सरळ रेष सापडते, अपार्टमेंटमध्ये क्वचित. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर. टार्गेटवर किमान १५०० लक्स उजेड लागतो, त्यासाठी एक चांगला एलईडी फ्लड टार्गेटकडे वळवून बसवा. मोबाइलवरचं लक्स मोजणारं ॲप अंदाजापुरतं चालतं. जागा पाचच मीटर असेल तर टार्गेट निम्म्या मापाचं छापा, काळा गोळा सुमारे ३० मिमीचा. पेलेट अडवायला जाड पत्र्याची तिरपी पाठ असलेली पेटी, आत चिंध्या. मागे विटांचीच भिंत हवी. नेमाच्या रेषेत दार नको, कारण "काय करूलालास रे?" म्हणत कुणीतरी ते उघडतंच. दार असेलच तर आतून कडी. गच्चीवर आणि गल्लीत अजिबात नाही. शिशाची धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, आणि जेवणाआधी हात साबणाने धुवा.

खरं सांगायचं तर घरी पेलेट मारण्यापेक्षा ड्राय फायरिंग, म्हणजे पेलेटशिवाय ट्रिगर ओढण्याचा सराव, जास्त उपयोगी. बहुतेक मॅच पिस्तुलांत त्यासाठी वेगळी सोय असते. कोरी भिंत, रोज वीस मिनिटं, फक्त पुढची साइट आणि ट्रिगर. ग्रिपमध्ये केलेला बदल बरोबर आहे की नाही हे टार्गेटपेक्षा भिंत लवकर सांगते. ट्रिगर सुटताना पातं कुठे उडी मारतं ते दिसतं.

वजनं, स्टॅबिलायझर आणि इतर खर्च

नळीखाली लावायची वजनं, रंगीत स्क्रू, दुसरी बॅरल यांतलं काहीही पहिल्या वर्षी नको. पिस्तुलाचं वजन दीड किलोच्या आत असावं लागतं, आणि नवख्याचा खांदा त्याच्या खूप आधी हार मानतो. तो पैसा एका जातीच्या चांगल्या पेलेटच्या डब्यांवर घाला.

पावसाळा आणि प्रवास

जून ते सप्टेंबर लाकडी ग्रिप ओल धरते. कालपर्यंत बरोबर बसणारी ग्रिप आज बोटाला लागली तर लगेच कानस उचलू नका, चार दिवस थांबा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, नळीबाहेरच्या लोखंडाला तेलाचं पुसट फडकं फिरवा. डब्यात ओला फोम राहिला तर गंज आतूनच चढतो.

निपाणीच्या पोरांना कोल्हापूर चाळीस किलोमीटरवर आहे आणि बंगळूर पाचशेहूनही लांब, तेव्हा सरावाला दुधाळी रेंजकडे जाणं समजण्यासारखं आहे. स्पर्धेत मात्र एका वेळी एकाच राज्याकडून खेळता येतं. नोंदणी कर्नाटकातून करायची की महाराष्ट्रातून, हे पहिल्या स्पर्धेच्या आधी ठरवा, मधे बदलणं कटकटीचं आहे. कोगनोळीच्या नाक्यावर, विशेषतः निवडणुकीच्या दिवसांत, गाड्या तपासतात. पिस्तूल बंद डब्यात, सिलिंडर वेगळं, सोबत खरेदीची पावती, ओळखपत्र आणि क्लबचं पत्र. एअर पिस्तुलाला लायसन लागत नाही हे नाक्यावरच्या शिपायाला माहीत असेलच असं नाही, म्हणून त्या नियमाची छापील प्रत डब्यात ठेवा. सांबऱ्याहून विमानाने जायचं असेल तर विमान कंपनीला आधी कळवा आणि सिलिंडरबद्दल त्यांचा नियम लेखी घ्या.

पहिल्या स्पर्धेची तपासणी

घरी केलेल्या कामाची परीक्षा साहित्य तपासणीच्या टेबलावर होते. तिथे ट्रिगर, पेटी, वजन, ग्रिप आणि सिलिंडरची तारीख बघतात, आणि पास झालेल्या पिस्तुलात नंतर नियमाबाहेरचा बदल करता येत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ ला मनू भाकरच्या पिस्तुलाची कॉकिंग लिव्हर (पिस्तूल सज्ज करायची दांडी) १० मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीतच तुटली. वेळ गेला, ५७५ गुणांवर ती बाराव्या क्रमांकावर थांबली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने याच प्रकारात कांस्य मिळवलं, पण तो भाग वेगळा. एवढ्या पातळीवर यंत्र दगा देतं, तर घरी पुट्टी लावलेली ग्रिप तरी का देणार नाही? स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात ग्रिपला हात लावू नका. प्रत्येक स्क्रू घट्ट आहे ते आदल्या रात्री बघा. तपासणीला एक दिवस आधी जाता आलं तर उत्तम. नाहीतर वेळेच्या दीड तास आधी पोचा, आणि डब्यात अर्धगोल कानशीचा तुकडा, ८० नंबरचा पॉलिशपेपर आणि ग्रिपची ॲलन की असू द्या. पाम रेस्टची कड दोन मिलिमीटर वर वळलेली आहे असं तपासणाऱ्याने सांगितलं, तर बाहेरच्या कट्ट्यावर बसून ती तिथल्या तिथे उतरवता येते.